जॉनी मॅड डॉग : नावं येईपर्यंत उठू नका

परवा रात्री जॉनी मॅड डॉग बघितला आणि नंतर किती तरी वेळ झोपच आली नाही. लढाईत बंदूक घेऊन उतरवलेल्या पोरांवरचा २००८ चा फ्रेंच पिक्चर आहे, डायरेक्टर जाँ-स्तेफान सोव्हेर, पण फ्रेंच ऐकायला मिळेल म्हणून बसू नका, शूटिंग पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात झालंय आणि पोरं तिथलीच इंग्लिश बोलतात, ती पटकन कानाला कळत नाही त्यामुळे सबटायटल लावाच. यातली बरीचशी पोरं खऱ्या लढाईत बंदूक चालवून आलेली होती. हे आधीच माहीत होतं म्हणून असेल, पण अ‍ॅक्टिंग कशी वाटली हा प्रश्नच मला पडला नाही, मी नुसता त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो.

जॉनी साधारण पंधरा वर्षांचा. त्याचा जिगरी दोस्त नो गुड अ‍ॅडव्हाइस, बाकी बटरफ्लाय, स्मॉल डेव्हिल वगैरे. आईबापांनी ठेवलेलं नाव कुणाचंच उरलेलं नाही. आणि दोस्ती अशी की एकमेकांशिवाय जगात कुणी नाही, एकत्र खातात, गातात, खिदळतात, आणि दुसऱ्या मिनिटाला एकत्रच कुणाच्या तरी घरात घुसून माणूस मारतात. शाळेतली आमची टोळी आठवली हो, तशीच मस्ती, तशीच एकमेकांना चढवायची सवय! फक्त यांना चढवणारा कमांडर आहे, नशा देणारा, आणि काम झाल्यावर तोच त्यांना वाऱ्यावर सोडतो. तिथे मला या पोरांचा राग धरवेना, आणि माफही करवेना.

दुसरीकडे लाओकोले नावाची मुलगी, लहान भावाला आणि चालता न येणाऱ्या बापाला घेऊन पळतेय, बापाला हातगाडीत घालून. तिचा भाग कमी पडलाय असं माझं स्पष्ट मत. इमॅन्युएल डोंगाला यांच्या ज्या कादंबरीवर हा पिक्चर आहे त्यात जॉनी आणि ती आलटून पालटून आपापली बाजू सांगतात, इथे मात्र कॅमेरा पोरांनाच चिकटून राहतो.

मारहाण, बलात्कार सगळं आहे, घरात लहान मुलं असतील तर अजिबात लावू नका.

एक पोरगा लुटलेला लग्नाचा पांढरा ड्रेस घालून लढतो, एकाच्या पाठीला फुलपाखराचे पंख. मला वाटलं हे जरा जास्तच फिल्मी झालं. मग शेवटी नावं येताना लायबेरियाच्या लढाईतले खरे फोटो येतात, आणि त्यात पोरं अशीच सजलेली आहेत.