पाणी तपासायची एच-टू-एस बाटली: खानावळीत वापरून पाहिली

डिसेंबरात माझ्या खानावळीतल्या चार मुलांना एकाच आठवड्यात जुलाब लागले. नाशिकच्या कॉलेज रोडला चौदा वर्षं मी मुलांना जेवायला घालते, असं कधी झालं नव्हतं. त्यातला एक परभणीचा, पहिल्या वर्षाचा. त्याच्या आईचा फोन आला, "ताई, पाण्याचं तेवढं बघा हो." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकं ते मनाला लागलं.

पाण्याबद्दल मी निश्चिंत होते. गंगापूर धरणाचं पाणी, महापालिकेच्या नळाने येणारं, आणि वर आरओ. सर्व्हिसला येणाऱ्या मुलाने टीडीएस मीटर बुडवून ४५ आकडा दाखवला होता, "एकदम शुद्ध" म्हणाला होता. तो मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जिवाणू त्याला दिसतच नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जेवायला येणाऱ्या, मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या एका मुलीने ते सांगितलं आणि तिनेच या बाटलीचं नाव सुचवलं. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून दहा बाटल्यांचा बॉक्स आणला.

बाटली दिसायला औषधाच्या बाटलीसारखी, आत वाळलेल्या औषधाची कागदी पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पाणी आधी पिवळसर दिसू लागतं. माणसा-जनावरांच्या विष्ठेतून येणारे बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एच-टू-एस, वायू सोडतात. पट्टीत लोहाचा क्षार असतो, त्याच्याशी तो वायू मिळाला की बाटली काळी पडते. काळी म्हणजे ते पाणी प्यायचं नाही. ही पद्धत आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायका पाणी तपासतात, त्यांच्याकडेही अशा बाटल्या असतात.

मी चार ठिकाणचं पाणी भरलं: थेट नळ, गच्चीवरची टाकी, आरओची तोटी आणि जेवणाच्या खोलीतलं स्टीलचं पिंप. तोट्या स्पिरिटने पुसल्या, दोन मिनिटं पाणी वाहू दिलं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू दिलं नाही. दोन दिवसांनी चारही बाटल्या पिवळ्याच. देवापुढे साखर ठेवली.

ती मुलगी संध्याकाळी आली आणि तिने बाटली हातात घेतली. "काकू, ही तर गार पडलीये. यात जिवाणू वाढणार कसे?" ओट्याखालचा कोपरा, जानेवारी महिना आणि नाशिकची थंडी. बाटलीला ३० ते ३७ अंश ऊब लागते. माहितीपत्रकात ते होतं, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. माझी खरी तक्रार एवढीच आहे. अख्खी तपासणी ज्या एका गोष्टीवर टिकून आहे, ती बॉक्सवर मोठ्या अक्षरांत मराठीत छापायला काय हरकत होती? मी त्या पिवळ्या बाटल्यांवर विसंबून मुलांना तेच पाणी पाजत राहिले असते.

मग थर्माकोलच्या खोक्यात पिवळा बल्ब लावला, थर्मामीटर ठेवला. चौतीस अंशांवर स्थिर झाल्यावर नव्याने चार बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांची कणीक मळायच्या आधी खोकं उघडलं. तीन बाटल्या पिवळ्या होत्या, पिंपाची मात्र तळापासून झाकणापर्यंत काजळासारखी काळी. मी तिथेच पाटावर बसले.

पिंपात पाणी आरओचंच होतं. पण पिंपाची तोटी गळायची म्हणून मी ती बंद केली होती, आणि मुलं झाकण काढून तांब्या बुडवायची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते पुढे जपतं. आरओत ते निघून जातं, त्यामुळे नंतर हात लागला तर त्या पाण्याला राखण काहीच नसते. मुलांची पोटं त्यामुळेच बिघडली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याच दिवशी पिंप रिकामं केलं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून अर्धा तास तसंच ठेवलं, खळखळून धुतलं, नवी तोटी बसवली आणि झाकणाला कुलूप लावलं. तोवर प्यायचं पाणी उकळूनच दिलं.

धुण्याआधी पिंपातलंच पाणी निर्जंतुक बाटलीत भरून, बर्फाच्या डब्यातून दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवलं होतं. रिपोर्टात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू, आढळला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) १०० मिलिलीटर पिण्याच्या पाण्यात तो अजिबात असता कामा नये. प्रयोगशाळेचा खर्च बाटलीच्या कितीतरी पट, पण काळी बाटली दिसल्यावर तो करावाच, कारण बाटली नेमका कोणता जिवाणू आणि किती, ते सांगत नाही. विषाणू आणि रसायनं तिला कळत नाहीत. बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तर बाटली उगीचच काळी होते, तेव्हा बोअरवाल्यांनी घाबरण्याआधी प्रयोगशाळा गाठावी.

काळी झालेली बाटली मोरीत ओतू नका. आत जिवाणू लाखोंनी वाढलेले असतात. मी हातमोजे घालून त्यात ब्लीचिंगचं पाणी ओतलं, रात्रभर ठेवलं आणि मग संडासात टाकलं. लहान मुलांच्या हाती लागेल अशी तर मुळीच ठेवू नका. विकत घेताना मुदतीची तारीख बघा.

पाचपैकी चार तारे, एक त्या माहितीपत्रकासाठी कापला. पिंपाची नवी बाटली अठ्ठेचाळीस तासांनंतरही पिवळी राहिली, तिचा फोटो परभणीच्या त्या आईला पाठवला. उरलेली एक बाटली पावसाळ्यातल्या पहिल्या गढूळ पाण्यासाठी ठेवली आहे.