लाल टोपीवालीच्या गोष्टीचे तीन शेवट

आमच्या कोथरूडच्या बालवाचनालयातल्या शनिवारच्या कथाकथनाला सात वर्षांच्या नातीला घेऊन गेले होते. मुलांना तिकीट १०० रुपये, सोबतच्या मोठ्यांना मोफत.

लाल टोपीवाली मी शाळेत ३५ वर्षं सांगितली. दरवेळी शिकारी यायचा, लांडग्याचं पोट फाडायचा आणि आजी-नात सुखरूप बाहेर. त्यामुळे गोष्ट सांगणाऱ्या ताईंनी आधी फ्रेंच लेखक पेरोची १६९७ची गोष्ट काढली आणि लांडग्यानं मुलीला खाल्लं तिथंच पुस्तक मिटलं, तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. मागून एका मुलानं विचारलं, "आणि शिकारी?" ताई म्हणाल्या, "या गोष्टीत शिकारी नाहीच." सगळे गप्प. एक चिमुरडी रडू लागली. तिची आई तिला उचलायला गेली, तर ती म्हणाली, "थांब ना, पुढे ऐकायचंय." ताईंनी घाईघाईनं समजूत घातली नाही, मुलांना त्या भीतीत जरा बसू दिलं, हे मला फार आवडलं.

मग जर्मनीच्या ग्रिमबंधूंची १८१२ची, शिकारी आणि पोटात भरलेल्या दगडांची. टाळ्या पडल्या. पण खरी धमाल तिसऱ्या गोष्टीला आली. फ्रान्सच्या खेड्यांत तोंडी चालत आलेली ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. तिच्यात लाल टोपी नाही, शिकारी नाही. मुलगी लांडग्याला म्हणते, मला बाहेर जायचंय, जोराची लागलीय. तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो. ती दोरी अंगणातल्या झाडाला बांधते आणि घरी पळून येते. पोरं हसून हसून लोळली. माझी नात मात्र हसली नाही. माझा हात ओढून म्हणाली, "आजी, ही भोपळ्यातल्या म्हातारीसारखीच आहे. हिला कुणी वाचवलं नाही, हिनंच फसवलं त्याला."

'लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते' असं सांगून वाघाला वाटेला लावणारी आपली म्हातारी तिला तिथं आठवली. मला वाटतं, ताईंनीच ती गोष्ट शेजारी ठेवायला हवी होती. ती तर इथल्या प्रत्येक पोराला पाठ असते.

माझी खरी तक्रार वेळेची आहे. कुठला शेवट आवडला यावर मुलं तावातावानं भांडू लागली आणि पाचच मिनिटांत 'वेळ संपली' म्हणून दिवे लावले. गोष्ट एक कमी सांगा, पण बोलायला अर्धा तास द्या. शिवाय पंख्याच्या आवाजात मागे नीट ऐकू येत नाही, लवकर जाऊन पुढची सतरंजी धरा.

पुढच्या शनिवारी सिंड्रेला आहे. ग्रिमबंधूंच्या सिंड्रेलात बुटात पाय मावावा म्हणून एक बहीण अंगठा कापते आणि दुसरी टाच. हे माहीत असूनही आम्हा दोघींची नावं नोंदवून आलेय.