फेसलिफ्ट की फिलर?

आरशासमोर बसा, कानापुढची कातडी दोन बोटांनी हलकेच वर-मागे ओढा. जबड्याखाली लोंबणारं आवळलं गेलं, तर विचार फेसलिफ्टचा, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ताणून बसवायच्या ऑपरेशनचा करा. त्यात कातडीखालचा थरही ताणून बसवतात, म्हणून परिणाम साधारण 7 ते 10 वर्षं टिकतो. नुसते गाल बसले असतील तर हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, पुरे. सुईचं काम, पण बहुधा वर्ष-दीड वर्षात विरतं. लोंबलेल्या चेहऱ्यात तेच भरत राहिलात तर तोंड सुजल्यागत दिसतं. परभणी-बीडच्या उन्हानं पडलेले काळे डाग मात्र दोन्हींनी जात नाहीत.

बिडी-तंबाखू? फेसलिफ्टच्या आधी-नंतर काही आठवडे बंदच. नाहीतर जखम भरत नाही, कानामागची कातडी काळी पडू शकते. लग्नसराई जवळ असेल तर ऑपरेशन पुढे ढकला, सूज ओसरायला दोन-तीन आठवडे तरी जातात.