यंत्रमागावर वापरण्याचे फोमचे इअरप्लग : एका जॉबरचा (माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा) अभिप्राय

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांत धोट्याच्या मागांचा आवाज बहुधा ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. अमेरिकेतील नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. त्या हिशेबाने ९७ डेसिबलला जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि आपली पाळी तर आठ तासांची, पुष्कळदा त्याहूनही लांब. म्हणूनच अक्कलकोट रोड एमआयडीसीत सेफ्टीच्या वस्तूंच्या दुकानांत मिळणारे हे दोरीचे फोम प्लग मला अत्यंत गरजेचे वाटतात.

पुडीवर ‘२९ डेसिबल आवाज कमी होतो’ असे छापलेले असले तरी ते प्रयोगशाळेतील माप आहे. प्रत्यक्षात किती आवाज अडेल हे प्लग कसा बसवला यावरच ठरते. स्वच्छ बोटांनी त्याची सुरकुती न पडता बारीक वात वळावी, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, प्लग आत सारावा आणि फोम फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसलेला प्लग समोरून जवळजवळ दिसत नाही. बूच लावल्यासारखा बाहेर डोकावत असेल तर तो काढून पुन्हा बसवावा. सुताचा किंवा कापसाचा बोळा याची जागा घेऊ शकत नाही.

‘प्लग घातला तर बोलणे ऐकू येणार नाही’ अशी तक्रार बहुतेक जण करतात. ज्याचे कान शाबूत आहेत त्याला एवढ्या गोंगाटात प्लग घालून समोरच्याचे बोलणे उलट स्पष्ट कळू शकते, हा माझाही अनुभव आहे. ज्याची श्रवणशक्ती आधीच घटली आहे त्याला मात्र खरोखरच कमी ऐकू येते, त्यामुळे जुन्या कामगारांच्या तक्रारीला हट्ट म्हणू नये. त्यांची आधी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घ्यावी. आवाजाने होणारी हानी प्रथम उंच पट्टीत, ४००० हर्ट्‌झच्या आसपास दिसते. ‘स’, ‘फ’ अशी अक्षरे निसटू लागतात, लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट वाटते, आणि कानातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

उणिवाही आहेत. तूस आणि घाम लागून फोम लवकर मळतो, आणि तो धुऊन वापरण्याजोगा नसल्याने वारंवार नवी जोडी लागते. हा खर्च मालकांनीच उचलायला हवा. कानावर बसणारे मफ टिकाऊ असले तरी सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये ते सहन होत नाहीत.

घ्यायचा तर दोरीचाच प्रकार घ्यावा, कारण शेडबाहेर आल्यावर तो गळ्यात राहतो आणि हरवत नाही. मात्र माग चालू असताना प्लग काढू नये: अर्धी पाळी उघड्या कानांनी काढली, तर उत्तमातल्या उत्तम प्लगचाही फायदा तीन डेसिबलवर येतो.