मन्रो शाळा, टोपेका: मास्तरकी केलेल्यांनी जरूर पाहावी

मुलाकडे अमेरिकेत आलेल्या आईवडिलांना नायगारा दाखवतात. मी पडले सातारा जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका, त्यामुळे माझ्या वाट्याला शाळा आली. कॅन्सस सिटीहून गाडीने तासाभरावर कॅन्सस राज्यातलं टोपेका, आणि तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेली ही मन्रो प्राथमिक शाळा. रंगावरून मुलांना वेगळ्या शाळांत बसवणं बेकायदा ठरवणारा ब्राउन खटला इथूनच उभा राहिला. आता ती राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. तिकीट नाही.

काळ्या मुलांची शाळा म्हटल्यावर गळकं छप्पर शोधायला जाऊ नका. १९२६ची विटांची भक्कम इमारत आहे, मोठ्या खिडक्या, ऐसपैस वर्ग. माझ्या पहिल्या शाळेत दोन इयत्ता एका व्हरांड्यात बसायच्या, म्हणून मी आधी वर्गच न्याहाळले. शिक्षकही चांगले शिकलेले होते. इमारत, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता यांत फारसा फरक नाही, हे १९५१मध्ये या खटल्यात खालच्या कोर्टानेही मान्य केलं होतं. साउथ कॅरोलिना राज्यातल्या अशाच खटल्यात पालकांनी आधी बस मागितली होती, कारण तिथे गोऱ्या मुलांनाच बस होत्या. टोपेकात तशी तक्रार नव्हती, म्हणूनच प्रश्न उघडा पडला: सगळं सारखं दिलं, तरी वेगळं का बसवायचं?

कॅन्ससच्या १८७९च्या कायद्याने मोठ्या शहरांना प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवायची मुभा होती. सक्ती नव्हती, हे मुद्दाम सांगते. टोपेकाने गोऱ्यांसाठी अठरा आणि कृष्णवर्णीयांसाठी चार शाळा ठेवल्या. मग लांब पडणारच. तिसरीतली लिंडा ब्राउन रेल्वेच्या यार्डातून चालत बसथांब्यावर जायची आणि मग बसने इथे यायची. घरापासून सात चौकांवर समनर शाळा होती, ती गोऱ्यांची. चार्ल्स समनर हे गुलामगिरीविरुद्ध लढलेले सिनेटर! नावं द्यायला आपण एकटेच हुशार नाही.

लिंडाचे वडील ऑलिव्हर रेल्वेत वेल्डर. टोपेकातले तेरा पालक कोर्टात गेले, खटला मात्र ब्राउन नावाने गाजला. चार राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून अशा पाच खटल्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १७ मे १९५४ला लागला: सरकारी शाळांत रंगावरून मुलं वेगळी बसवणं घटनेविरुद्ध. नऊच्या नऊ न्यायाधीश एका मताचे.

आतली एक अरुंद वाट मात्र जपून. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर गोऱ्यांच्या शाळेत निघालेल्या कृष्णवर्णीय मुलांवर ओरडणारा जमाव दिसतो आणि आपण मधून चालतो. नातू बिचकला, सूनबाई त्याला बाहेर घेऊन गेल्या. लहान मुलांना कोडी सोडवायची पुस्तिका मिळते, पूर्ण केली की बिल्ला. तिथे स्वारी खूश.

मला स्वतःला वकिलांपेक्षा इथल्या बाईंबद्दल वाचायची ओढ जास्त. मार्च १९५३मध्ये, निकाल लागायच्याही आधी, टोपेकाच्या शाळा मंडळाने काही कृष्णवर्णीय शिक्षिकांना कळवलं की पुढच्या वर्षी नेमणूक नाही. वेगळ्या शाळा बंद झाल्या तर गोऱ्या मुलांना तुम्ही शिकवलेलं इथल्या बहुतेक लोकांना चालणार नाही. मुलं एकत्र बसवायची आणि बाईंना घरी! बदलीच्या कागदाला आयुष्यभर घाबरलेल्या माणसाला हे फार लागतं. यावर एक अख्खं दालन दिलं तरी मी वाचत उभी राहीन.

शाळा १९७५मध्ये बंद पडली, आणि निकालाच्या पन्नासाव्या वाढदिवशी, २००४मध्ये, संग्रहालय म्हणून उघडली. पाचपैकी साडेचार तारे. रोज उघडं नसतं, वार बघून निघा, आणि घाईत असाल तर फिल्म सोडा, बालवाडीचा वर्ग सोडू नका.