सात महिने मायक्रोस्कोप वापरल्यावर: पेशीत खरंच काय काय दिसतं

आठवी-नववीच्या मुलांना मी अकरा वर्षं विज्ञान शिकवतेय. डावीकडे वनस्पती पेशी, उजवीकडे प्राणी पेशी आणि मधे नावांच्या बाणांची गर्दी, ही आकृती मी झोपेतसुद्धा काढीन. प्रत्यक्ष पेशी मात्र पाहिली होती ती कॉलेजात, रांगेत उभं राहून, मागची मुलगी "झालं का गं तुझं?" म्हणत असताना. म्हणून सात महिन्यांपूर्वी स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला. साधा, एका डोळ्याचा, विद्यार्थ्यांसाठीचा: दहा पटींचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), चार, दहा आणि चाळीस पटींची ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगं), खाली एलईडी.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१६०० पट' लिहिलंय, त्याचा निकाल आधी लावते. सोबत वीस पटींचा आयपीस आणि प्रतिमा दुप्पट करणारी एक नळी येते. चाळीस गुणिले वीस गुणिले दोन, झाले सोळाशे. चित्र मोठं होतं यात खोटं काही नाही, पण फुगा फुगवल्यावर त्याच्यावरची नक्षी जशी पसरट आणि फिकट होते, तसं. बारकावा किती दिसणार हे ऑब्जेक्टिव्ह आणि प्रकाश ठरवतात. उत्तम प्रतीच्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकालासुद्धा साधारण ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत, आणि हे यंत्र त्या मर्यादेच्याही बरंच अलीकडे थांबतं. नळी दुसऱ्या आठवड्यात खोक्यात गेली ती गेलीच. चारशे पटींपर्यंत मात्र तक्रारीला जागा नाही.

सुरुवात अर्थातच कांद्याने. पापुद्रा, आयोडीनचा थेंब, वर झाकायला कव्हर स्लिप म्हणजे काचेचा पातळ तुकडा. पहिल्या दिवशी मी कौतुकाने मुलांना दाखवले ते काळ्या कडेचे गोल चक्क हवेचे बुडबुडे होते! कव्हर स्लिप तिरकी धरून हळू टेकवायला शिकले तेव्हा विटांच्या भिंतीसारख्या पेशी नीट दिसल्या आणि प्रत्येकीत एक पिवळसर-तपकिरी केंद्रक. लगेच प्रश्न आला, "टीचर, हरितलवक कुठेयत?" कांद्याच्या पापुद्र्याला ऊन लागत नाही, तो अन्न तयार करत नाही, साठवतो, मग हरितलवक असतील कशाला? आमची आकृती तर प्रत्येक वनस्पती पेशीत ते भरून टाकते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. रिक्तिका, म्हणजे पेशीतली रसाने भरलेली पिशवी, पेशीचा बहुतेक भाग व्यापते आणि केंद्रकाला कडेला सारते, असं मी शिकवते. मग काही पेशींत ते मधोमध का दिसतं? फाईन फोकस, म्हणजे चित्र बारीक बारीक स्पष्ट करणारं छोटं चाक, हळूहळू फिरवल्यावर उलगडा झाला. केंद्रक स्पष्ट झालं की भित्तिकेच्या, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीच्या, बाजू किंचित पुसट होतात. म्हणजे तेही कडेलाच टेकलेलं, फक्त ती कड आपल्या डोळ्यांच्या समोरची. पेशी ही खोली आहे, कागद नाही, हे मला इतक्या वर्षांत फळ्याने सांगितलं नव्हतं.

नेमका हाच फाईन फोकस या यंत्राचा सगळ्यात कच्चा भाग. तिसऱ्या महिन्यापासून चाकात 'प्ले' आलाय, दिशा बदलली की पाव फेरा फुकट जातो. सवय झाली, पण राग येतो. चाळीसच्या भिंगावर मोठं चाक फिरवायचं नाही हा नियम मोडून आम्ही कव्हर स्लिपाही बऱ्याच फोडल्या. तो दोष मात्र आमचा.

सात महिन्यांतला सगळ्यात आवडता प्रयोग म्हणजे ऱ्हिओ या कुंडीतल्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल. इथे रंग घालावा लागत नाही, रिक्तिकेतला रसच जांभळा असतो. कव्हर स्लिपच्या एका कडेला मिठाचं दाट पाणी सोडायचं, दुसऱ्या कडेने टिपकागद लावून ते आत ओढून घ्यायचं आणि डोळा हलवायचा नाही. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटू लागतो, आक्रसतो, आणखी गडद होतो. बाहेरची चौकट होती तिथेच, होती तशीच. याला पुस्तकात रससंकोच म्हणतात. मिठाचं पाणी भित्तिका बिनदिक्कत आत घेते आणि तिच्या आतलं पातळ आवरण, प्रद्रव्यपटल, मिठाला अडवतं, पण पाणी जाऊ देतं. दोघांच्या कामातला फरक समोर घडताना दिसतो. वेळेत साधं पाणी सोडलं तर पेशी परत भरते. प्राणी पेशीला ही चौकटच नाही, त्यामुळे तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. याच जागी वर्गात "भित्तिका आधार देते" एवढं एक वाक्य सांगून मी पुढे जायचे.

लवकांचं, म्हणजे वनस्पती पेशीतल्या रंगाच्या किंवा साठवणीच्या कणांचं, थोडक्यात सांगते. बटाट्याच्या पातळ चकतीत आयोडीनने निळेकाळे झालेले स्टार्चचे कण, टोमॅटोच्या गरात नारिंगी-लाल वर्णलवक, दोन्ही सहज मिळतात. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात मात्र वेळ काढा. दिवा थोडा वेळ चालू राहिला की हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेने एकामागून एक फिरायला लागतात. पेशीद्रव्य वाहतं म्हणून ते वाहतात.

प्राणी पेशीने सुरुवातीला निराशा केली. गालाच्या आतून अलगद खरवडलेल्या पेशी म्हणजे चुरगळलेल्या कागदाचे तुकडे. मिथिलिन ब्लूने केंद्रक झकास निळं होतं, बाकी सगळं सपाट. एका मुलाला पेशीवर बारीक गडद ठिपके दिसले आणि "तंतुकणिका सापडल्या!" म्हणून त्याने वर्ग डोक्यावर घेतला. ते तोंडातले जिवाणू होते. पण पोराची चूक हसण्यासारखी नव्हती. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची जाडी साधारण तेवढीच असते, त्यांच्यात स्वतःचा डीएनए असतो आणि त्यांचे पूर्वज मुक्तपणे जगणारे जिवाणू होते ही मांडणी जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नेटाने पुढे आणली. या तंतुकणिका पारदर्शक आहेत, खास रंगाशिवाय इथे ओळखू येत नाहीत.

आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, लयकारिका या आकृतीतल्या बाकीच्या बारीक अंगांची आशा सोडाच. रायबोझोम तर २५ नॅनोमीटरच्या आसपासचे, त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. म्हणजे पुस्तकातली भरगच्च पेशी एका काचेखाली कोणीच पाहिलेली नाही; रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भित्तिका, आणि केंद्रकाला नाव मिळालं ते रॉबर्ट ब्राऊनकडून, १८३१ साली.

घ्यावा का? चारशे पटींचं काम असेल तर नक्की घ्या. घेताना पटींचा आकडा बघत बसू नका, फाईन फोकसचं चाक दोन्ही दिशांनी फिरवून बघा. आणि कव्हर स्लिपांचा आणखी एक डबा त्याच दिवशी घेऊन ठेवा.