पॉलिमरवरचं कार्बोडायइमाइड: कॉलम वाचतो, पण लाड करावे लागतात

डीसीसीने (आम्ल आणि अमाइन जोडणाऱ्या कार्बोडायइमाइडने) अमाइड करणाऱ्यांना डीसीयूचा, म्हणजे त्यातून उरणाऱ्या युरियाचा, चिवटपणा सांगायला नको. कितीही गाळा, थोडा मागे राहतोच. चोवीस अमाइडांची लायब्ररी असेल तर शुद्धीकरणाचे चोवीस कॉलम कोण टाकणार? पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर बांधलेल्या कार्बोडायइमाइडचे पैसे इथे वसूल होतात. युरिया मण्यावरच राहतो, गाळलं की सुटलो.

एका कुपीत ०.१ मिलिमोल अमाइन, आम्ल आणि एचओबीटी (आम्लाचा सक्रिय एस्टर करणारा मदतनीस) प्रत्येकी ०.१५, कार्बोडायइमाइड ०.२. लोडिंग (मण्यांवर बांधलेल्या कार्बोडायइमाइडचं प्रमाण) ग्रॅमला १.२ मिलिमोल असेल तर रेझिन, म्हणजे हे मणी, १६७ मिलिग्रॅम, चोवीस कुप्यांना चार ग्रॅम. लोडिंग बॅचगणिक बदलतं. जुन्या वहीतला आकडा उचलू नका. द्रावक ३ मिली डीसीएम (डायक्लोरोमिथेन). त्यात एचओबीटी नीट विरघळत नाही म्हणून दहावा हिस्सा डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मअमाइड). जास्त घातलं तर शेवटी द्रावक उडवताना जीव जातो. मेथनॉलमध्ये हे मणी फुगत नाहीत आणि अभिक्रिया जागची हलत नाही. रात्रभर शेकरवर ठेवा. मॅग्नेट टाकला की मणी दळले जातात आणि ते पीठ फ्रिटमध्ये (गाळणीच्या सच्छिद्र चकतीत) बसतं.

मग मॅक्रोपोरस (मोठ्या छिद्रांचं) कार्बोनेट रेझिन घाला. ग्रॅमला ३ मिलिमोलवालं असेल तर कुपीमागे २०० मिलिग्रॅम. एचओबीटी आणि उरलेलं आम्ल ते ओढून घेतं. उरलेल्या सक्रिय एस्टरवर त्याची मात्रा चालत नाही, तिथे ट्रिसअमाइन (अमाइन गट असलेलं) रेझिन लागतं. उत्पादनात फिनॉल असेल तर जपून: कार्बोनेट तेही धरून ठेवतं, आणि यील्ड गेलं कुठे म्हणून शोधत बसावं लागतं. अमाइन हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात असेल तर आधी मोकळं करून घ्या.

कोल्हापूरचा जुलै या रेझिनला मानवत नाही. गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं त्या हवेत फ्रीजमधली गार बाटली लगेच उघडली तर दव आत जातं आणि कार्बोडायइमाइडचा युरिया होतो. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हवं तेवढं भराभर तोला, नायट्रोजन सोडून बंद करा. शंका आली तर चार मणी आयआरवर (इन्फ्रारेड वर्णपटमापकावर) ठेवा: २१२० सेमी⁻¹ च्या आसपासचा कार्बोडायइमाइडचा पट्टा खुजा दिसला तर बाटलीवरच्या लोडिंगला अर्थ नाही.

एकदोनच अमाइड हवे असतील तर ईडीसी (पाण्यात विरघळणारं कार्बोडायइमाइड) आणि पाण्याची धुणी स्वस्त पडतात. नायट्रोअ‍ॅनिलीनसारखी सुस्त अमाइनं या यादीत घालूच नका. रेझिन दुप्पट केलं तरी ती बधत नाहीत.